कॅमशाफ्ट व टॅपेट यांच्या झिजेचे निदान

कॅमशाफ्ट व टॅपेट यांच्या झिजेचे निदान म्हणजे जुन्या मोटारगाडीच्या इंजिनातील कॅमशाफ्टचे उंचवटे आणि त्यांवर टेकून चालणारे टॅपेट झिजले आहेत किंवा नाहीत, हे इंजिन पूर्णपणे न उघडता ठरविण्याची पद्धत होय. या झिजेचे वैशिष्ट्य असे की, तीमुळे इंजिनाची झडप नीट बंद होते, परंतु पुरेशी उघडत नाही. सिलिंडरमधील गळती शोधणाऱ्या नेहमीच्या तपासण्यांत असे इंजिन बहुधा निर्दोष ठरते. परिणामी कार्ब्युरेटर, प्रज्वलन, पिस्टनच्या रिंगा किंवा झडपांच्या बैठका यांच्यावर खर्च होतो आणि मूळ दोष तसाच राहतो. दोषाचा निर्णायक पुरावा झडपेची उचल, म्हणजे ती किती उघडते ते अंतर, प्रत्यक्ष मोजूनच मिळतो.

रचना व कार्य

चार धावांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदाच उघडते. त्यामुळे कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. त्याला ही गती साखळी, दाताचे चाक किंवा पट्टा यांमार्फत मिळते. कॅमशाफ्टवर प्रत्येक झडपेसाठी अंड्याच्या आकाराचा एक कॅम असतो. त्याच्या गोल भागाला पायावर्तुळ आणि पुढे आलेल्या भागाला उंचवटा म्हणतात. टॅपेट पायावर्तुळावर असताना झडप बंद राहते व उंचवट्यावर चढताना ती उघडते.

पुशरॉड पद्धतीच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये बसविलेला असतो. त्याच्यावरील टॅपेट पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक उचलतो आणि रॉकरचे दुसरे टोक स्प्रिंगच्या विरोधात झडप खाली दाबते. टॅपेटलाच लिफ्टर असेही म्हणतात. भारतातील गॅरेजांमध्ये ‘टॅपेट’ हा शब्द रॉकर व झडप यांच्यामधील मोकळीक या अर्थानेही वापरला जातो; या लेखात तो कॅमवर टेकणाऱ्या दंडगोल भागासाठी वापरला आहे.

टॅपेटचे दोन प्रमुख प्रकार आहेत. घन टॅपेटच्या रचनेत रॉकर व झडप यांच्यामध्ये ठरावीक मोकळीक ठेवावी लागते. द्रवचालित टॅपेटच्या आत तेलाच्या दाबावर सरकणारा लहान दट्ट्या असतो आणि तो ही मोकळीक आपोआप भरून काढतो. टॅपेटचा तळ सपाट दिसणारा असेल तर तो कॅमवर घासत चालतो. तळाशी रूळ असेल तर तो कॅमवर लोळत चालतो. प्रस्तुत लेखातील झीज मुख्यतः घासत चालणाऱ्या प्रकारात आढळते.

या रचनेची इंजिने

मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनविलेल्या फियाट ११०० व तिच्यावरूनच पुढे आलेल्या प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत १०८९ घन सेंटिमीटरचे पुशरॉड इंजिन होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमध्ये ही गाडी अनेक दशके वापरात होती. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या हिंदुस्तान ॲम्बेसेडर गाडीत ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी मालिकेतील १४८९ घन सेंटिमीटरचे पुशरॉड इंजिन दीर्घकाळ बसविले जात होते. अमेरिकेत १९५५ साली आलेले शेव्हरोलेचे लहान ब्लॉकचे व्ही-८ इंजिन याच रचनेचे आहे. १९८७ पासून त्याच्या अनेक नमुन्यांत रूळ असलेले टॅपेट वापरण्यात आले.

कॅमशाफ्ट हेडमध्ये असलेल्या इंजिनांतही कॅमची झीज होते. युरोपातील फोर्डच्या पिंटो इंजिनात कॅमवर तेल फवारणाऱ्या नळीची छिद्रे बुजल्यामुळे उंचवटे झिजत असत. मात्र अशा इंजिनांत कॅम वरून थेट दिसतो, त्यामुळे निदान तुलनेने सोपे असते.

झिजेची प्रक्रिया

कॅम व टॅपेट यांचा स्पर्श अत्यंत लहान क्षेत्रात होतो आणि झडपेच्या स्प्रिंगचा सर्व जोर त्याच क्षेत्रावर येतो. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी एक तास चालले, तर प्रत्येक उंचवटा आपल्या टॅपेटखालून ९०,००० वेळा जातो. एवढे घर्षण सहन व्हावे म्हणून रचनेत एक युक्ती केलेली असते. सपाट वाटणारा टॅपेटचा तळ प्रत्यक्षात किंचित बहिर्गोल असतो, कॅमची कड अत्यल्प तिरपी घासलेली असते आणि टॅपेटचा मध्य कॅमच्या मध्यापासून थोडा बाजूला ठेवलेला असतो. या तिन्हींमुळे टॅपेट प्रत्येक उचलीबरोबर स्वतःभोवती थोडा फिरतो व घर्षण एकाच जागी न होता संपूर्ण तळावर वाटले जाते.

टॅपेटचे हे फिरणे थांबले की झीज सुरू होते. एकाच रेषेवर घर्षण होऊन तळ प्रथम सपाट व नंतर अंतर्गोल होतो. कॅम सामान्यतः ओतीव लोखंडाचा असून त्याचा केवळ पृष्ठभाग विशेष कठीण केलेला असतो. हा थर निघून गेल्यावर आतील मऊ धातू वेगाने झिजतो. त्यामुळे हा दोष अनेक वर्षे दिसत नाही आणि दिसू लागल्यावर मात्र लवकर वाढतो. निघालेला बारीक लोहचुरा तेलात मिसळतो. तेलगाळणीत न अडकलेला चुरा तेलपंप व बेअरिंगांपर्यंत पोहोचून त्यांनाही इजा करू शकतो.

कारणे

झिजेची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

• नवा कॅमशाफ्ट बसविल्यानंतर इंजिन मंद गतीवर चालू ठेवणे. पुशरॉड इंजिनात कॅमला मिळणारे बरेचसे तेल क्रँकशाफ्टवरून उडून येते. मंद गतीवर ते कमी उडते. शिवाय या गतीला उंचवट्याच्या टोकावर स्प्रिंगचा जवळजवळ संपूर्ण जोर पडतो. वेग वाढल्यावर हलत्या भागांच्या जडत्वामुळे तेथील भार कमी होतो.
• नव्या कॅमशाफ्टवर जुने टॅपेट बसविणे किंवा उतरविलेल्या टॅपेटची अदलाबदल होणे.
• आवश्यकतेपेक्षा अधिक कडक स्प्रिंगा बसविणे.
• तेल वेळेवर न बदलणे, तेलाची पातळी कमी राहणे, अथवा पेट्रोल किंवा पाणी मिसळून तेल पातळ होणे.
• गाडी दीर्घकाळ बंद राहिल्याने उंचवट्यांवर गंज चढणे.
• टॅपेटच्या भोकात डिंकासारखा मळ साचून त्याचे फिरणे अडणे.
• तेलात झीजरोधक घटक अपुरा असणे.

यांपैकी शेवटचे कारण जुन्या गाड्यांच्या संदर्भात विशेष चर्चिले जाते. झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट, संक्षेपाने झेडडीडीपी, हे जस्त व फॉस्फरस असलेले संयुग उष्णता आणि दाब यांखाली धातूवर संरक्षक थर तयार करते. त्यातील फॉस्फरस धुराड्यातील उत्प्रेरक परिवर्तकाची कार्यक्षमता घटवितो. म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या २००४ साली आलेल्या ‘एसएम’ श्रेणीत पातळ प्रतीच्या तेलांसाठी फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के ठेवण्यात आली. रूळयुक्त टॅपेटच्या इंजिनांना हे प्रमाण पुरते. घासत चालणाऱ्या टॅपेटच्या इंजिनांसाठी मात्र अधिक झेडडीडीपी असलेले तेल सुचविले जाते. २०डब्ल्यू-५० सारख्या घट्ट तेलांना ही मर्यादा लागू नव्हती.

लक्षणे

झिजेच्या लक्षणांमध्ये पुढील बाबी येतात :

• रॉकरच्या झाकणाखालून येणारा लयबद्ध ‘टक-टक’ आवाज.
• एक सिलिंडर अशक्त होणे, इंजिन थरथरणे व चढावर ओढ कमी पडणे.
• घन टॅपेटच्या इंजिनात एकाच झडपेची मोकळीक नीट लावूनही थोड्याच दिवसांत पुन्हा वाढणे.
• कार्ब्युरेटरमधून ठरावीक अंतराने ‘फट्’ असा आवाज येणे.

शेवटच्या लक्षणाचे कारण एक्झॉस्ट कॅमच्या झिजेत असू शकते. एक्झॉस्ट झडप पुरेशी न उघडल्यास जळालेला वायू सिलिंडरमध्ये अडकतो. त्यानंतर इनलेट झडप उघडताच तो तप्त वायू उलट दिशेने कार्ब्युरेटरकडे जातो. इनलेट कॅम झिजल्यास सिलिंडरमध्ये मिश्रण कमी येते. अशा वेळी फटका न बसता केवळ शक्ती घटते.

आवाज नसणे हा कॅम चांगला असल्याचा पुरावा नव्हे. द्रवचालित टॅपेट स्वतःच्या झिजलेल्या तळाची भरपाई काही प्रमाणात करतो आणि मोकळीक निर्माण होऊ देत नाही. झडपेची उचल घटलेली असतानाही इंजिन शांत चालू शकते.

घन टॅपेटच्या बाबतीतही असाच चकवा संभवतो. मोकळीक मोजताना टॅपेट पायावर्तुळावर असतो. या भागावर भार जवळजवळ नसल्यामुळे तो फारसा झिजत नाही. म्हणून केवळ उंचवट्याचे टोक झिजले असेल, तर फिलर गेजने मोजलेली मोकळीक बरोबर येते. मोकळीक वाढते ती प्रामुख्याने टॅपेटचा तळ झिजल्यामुळे. याउलट, झडपेची बैठक खचली असेल तर मोकळीक कमी होते. त्यामुळे मोकळीक कोणत्या दिशेने बदलते आहे, याची नोंद ठेवणे निदानास उपयुक्त ठरते.

सारखी लक्षणे असणारे इतर दोष

टक-टक आवाज अनेक कारणांनी येतो. एक्झॉस्टच्या नळजोडातील गळती थंड इंजिनात टक-टक करते व धातू तापून प्रसरण पावल्यावर बहुधा कमी होते. कॅमवर चालणाऱ्या यांत्रिक पेट्रोलपंपाचा आवाज झडपेच्या आवाजासारखाच असतो. झिजलेला रॉकर व त्याचा दांडा, वाकलेला पुशरॉड, सैल झालेला रॉकरचा स्क्रू यांमुळेही असा आवाज येतो. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका अधिक जड असतो व त्या सिलिंडरच्या प्लगची ठिणगी बंद केल्यावर तो बदलतो.

तपासणीचा क्रम

तपासणी सोप्या व बिनखर्चाच्या पायरीपासून सुरू करून क्रमाने पुढे नेली जाते.

आवाजाची गती. मंद गतीवर क्रँकशाफ्ट मिनिटाला ८०० फेऱ्या घेत असेल, तर एखादी झडप मिनिटाला ४०० वेळा उघडते. टायमिंग लाइट एका प्लगच्या वायरला जोडल्यास, डिस्ट्रिब्यूटर असलेल्या इंजिनात, तो कॅमशाफ्टच्या प्रत्येक फेरीला एकदा चमकतो. प्रत्येक चमकेबरोबर एकच ठोका ऐकू आल्यास आवाज कॅमच्या गतीने येत आहे. दोन ठोके आल्यास तो क्रँकशाफ्टशी संबंधित आहे.

झाकण काढून पाहणी. रॉकरचे झाकण काढून इंजिन मंद गतीवर चालविल्यास पुशरॉड हळूहळू स्वतःभोवती फिरताना दिसतात, कारण टॅपेट त्यांना फिरवितात. न फिरणाऱ्या पुशरॉडखालील टॅपेट संशयास्पद ठरतो. एखादा रॉकर शेजारच्या रॉकरपेक्षा कमी हलत असेल, तर झीज बरीच पुढे गेलेली असते. रॉकर व झडप यांच्यामध्ये फिलर गेजची पाती सरकविल्यावर आवाज थांबला, तर आवाज करणारी झडप निश्चित होते.

कॉम्प्रेशन व गळतीची तपासणी. सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडून ती किती गळते हे पाहण्याच्या चाचणीत कॅमचा काहीच संबंध येत नाही, कारण त्या वेळी दोन्ही झडपा बंद असतात. कॉम्प्रेशनच्या चाचणीत स्टार्टरने इंजिन अतिशय हळू फिरते. त्यामुळे अर्धवट उघडणाऱ्या इनलेट झडपेतूनही हवा आत येण्यास पुरेसा अवधी मिळतो व आकडा जवळजवळ नेहमीसारखा येऊ शकतो. इनलेटचा उंचवटा जवळजवळ नाहीसा झाला असेल तरच तो ठळकपणे घटतो. एक्झॉस्ट कॅमची झीज या चाचणीत सहसा लक्षातच येत नाही. तरीही या दोन्ही चाचण्या निरुपयोगी ठरत नाहीत. प्लग, ठिणगी व इंधन योग्य आहे, गळती नाही, आणि तरीही एक सिलिंडर अशक्त आहे, असे आढळल्यास संशय कॅमकडे वळतो.

उचलीचे मोजमाप. ही निर्णायक चाचणी होय. प्रज्वलन बंद करून सर्व प्लग काढतात आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवतात. चुंबकी पायाचा डायल गेज ओतीव लोखंडाच्या हेडवर बसवून त्याचे टोक पुशरॉडच्या वरच्या टोकावर किंवा झडपेच्या स्प्रिंगवरील टोपीवर, हालचालीच्या रेषेत ठेवतात. क्रँकशाफ्ट पान्याने सावकाश फिरवून झडप पूर्ण बंद असताना काटा शून्यावर आणतात व पूर्ण उघडेपर्यंतचे अंतर नोंदवितात. झडप बंद झाल्यावर काटा पुन्हा शून्यावर आला, तरच मोजमाप ग्राह्य धरतात.

द्रवचालित टॅपेट असल्यास रॉकर काढून पुशरॉडवरच मोजणे इष्ट असते. अन्यथा स्प्रिंगच्या दाबाने टॅपेटमधील तेल निसटून उचल कमी दिसते. ॲम्बेसेडरच्या बी मालिकेतील इंजिनात रॉकरच्या दांड्याचे काही नट हेडही आवळून धरतात. तेथे रॉकर न काढता झडपेच्या टोपीवर मोजणे सोयीचे ठरते. झडपेवरील उचल म्हणजे कॅमची उचल गुणिले रॉकरचे गुणोत्तर, वजा मोकळीक. ६.८ मिलिमीटर उचलीचा कॅम व १.५ गुणोत्तराचा रॉकर असल्यास मोकळीक वजा करण्यापूर्वी झडपेची उचल १०.२ मिलिमीटर येते.

आठही झडपांचे आकडे घेऊन इनलेटची तुलना इनलेटशी व एक्झॉस्टची एक्झॉस्टशी करतात, कारण काही इंजिनांत दोन्ही प्रकारच्या कॅमची उचल मुळातच भिन्न असते. समजा, पुशरॉडवर मोजलेल्या चार इनलेट कॅमची उचल ६.८२, ६.८०, ६.८१ व ५.९४ मिलिमीटर आली. चौथा कॅम इतरांपेक्षा सुमारे ०.८७ मिलिमीटरने कमी आहे. झडपेपाशी ही घट १.३ मिलिमीटर होते. येथे झीज सिद्ध झाली असे मानता येते. सर्वच आकडे सारखे, परंतु उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकड्यापेक्षा कमी असतील, तर सर्व कॅम एकसमान झिजले असण्याची किंवा भिन्न आकाराचा कॅमशाफ्ट बसविला असण्याची शक्यता असते. अनुमत फरक पुस्तिकेत पाहावा लागतो. तो मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास असतो.

तेल व गाळणीची पाहणी. काढलेली तेलगाळणी कापून तिचा कागद पसरून पाहतात. चुंबकाला चिकटणारी बारीक करडी भुकटी लोखंडाची असते व ती कॅम अथवा टॅपेटकडे निर्देश करते. परंतु पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरही लोखंडाचेच असल्याने हा पुरावा एकटा पुरेसा नसतो. बेअरिंगांच्या अस्तराचे तांबूस किंवा रुपेरी कण चुंबकाला चिकटत नाहीत.

टॅपेटच्या तळाची पाहणी. टॅपेट बाहेर काढल्यावर त्याच्या तळावर पोलादी पट्टीची सरळ कड उभी धरून प्रकाशाकडे पाहतात. पट्टी मध्यभागी टेकून दोन्ही कडांना प्रकाश दिसल्यास तळ बहिर्गोल, म्हणजे चांगला असतो. पट्टी कडांवर टेकून मध्यभागी प्रकाश दिसल्यास तळ अंतर्गोल झालेला असतो. तळावर वर्तुळाकार फिकट खुणा असणे हे टॅपेट फिरत असल्याचे चिन्ह आहे. एकच सरळ पट्टा, खड्डे किंवा सोललेला पृष्ठभाग दिसणे झिजेचे द्योतक होय. तळाची कड पसरली असल्यास टॅपेट वरून ओढून निघत नाही. अशा वेळी बळ लावल्यास ब्लॉकमधील भोक खराब होते.

दुरुस्ती

एक उंचवटा झिजला असला तरी संपूर्ण कॅमशाफ्ट बदलावा लागतो अथवा तज्ज्ञ कार्यशाळेत त्यावर धातू चढवून तो पुन्हा घासून घ्यावा लागतो. नव्या किंवा पुन्हा घासलेल्या कॅमशाफ्टबरोबर सर्व टॅपेट नवे घालतात. चांगला कॅमशाफ्ट तसाच ठेवून टॅपेट तपासणीसाठी काढले असतील, तर प्रत्येक टॅपेट त्याच्या मूळ भोकातच परत बसवितात. केवळ झिजलेला टॅपेट बदलून खराब उंचवट्यावर नवा बसविल्यास तोही लवकर निकामी होतो.

बसविण्यापूर्वी प्रत्येक टॅपेट भोकात सहज फिरतो याची खात्री करतात, तेलाचे तबक साफ करून तेल व गाळणी बदलतात आणि उंचवट्यांवर व टॅपेटच्या तळांवर कॅमसाठीचे दाट वंगण लावतात. लोहचुरा बराच आढळल्यास तेलपंप व बेअरिंगेही तपासतात. इंजिन सुरू होताच त्याची गती मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांपर्यंत किंवा त्याहून थोडी अधिक नेऊन २० ते ३० मिनिटे कमी-अधिक करीत चालवितात. म्हणून प्रज्वलनाची वेळ, पाणी व पेट्रोल यांची तयारी आधीच केलेली असते. वारंवार स्टार्टर मारणे नव्या कॅमसाठी हानिकारक असते. त्यानंतर तेल व गाळणी पुन्हा बदलतात. पुढील काही आठवड्यांत मोकळीक पुन्हा मोजतात; ती स्थिर राहिल्यास कॅम व टॅपेट एकमेकांशी योग्य रीतीने जुळल्याचे मानले जाते.